सुगी म्हणजे नेमकी कधी? शब्दाचा अर्थ आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा: शब्दकोशात 'सुगी' म्हणजे 'पीक कापणीचा हंगाम' एवढेच दिलेले असते. मग हंगाम, मोसम, कापणी आणि सुगी हे सगळे एकच का? सुगी कोणत्या महिन्यात येते? शेताशी काही संबंध नसताना 'सुगीचे दिवस' म्हणावे की नाही? आणि मुळात हा शब्द आला कुठून?

आधी सरळ उत्तर. तयार पिकाला पहिला विळा लागला की सुगी लागते, आणि धान्य कणगीत, पोत्यात किंवा बाजारात गेले, कडबा-भुसा रचून झाला की सुगी उरकते. मधला सगळा कामाचा पट्टा म्हणजे सुगी. त्यात काढणी आली, वाळवणी आली, कणसे खुडणे, मळणी, उपणणी, रास, माप, वाहतूक आणि वैरण रचणेही आले. कापणी हा त्यातला एक तुकडा. म्हणून कापणी दोन दिवसांत होते, सुगी मात्र महिना-दीड महिना चालते. शब्द काळाचा वाटतो खरा, पण तो बांधलेला आहे कामाला. ही गाठ एकदा लक्षात आली की पुढचे बहुतेक घोळ आपोआप सुटतात.

'हंगाम' हा फारसीतून आलेला शब्द आणि त्याचा पैस फार मोठा. पेरणीचा हंगाम, आंब्याचा हंगाम, लग्नाचा हंगाम, उसाचा गळीत हंगाम, खरीप हंगाम, क्रिकेटचा हंगाम, सगळे चालते. ज्या गोष्टीला ठरावीक वेळ असते तिला हंगाम असतो. सुगीला तसे नाही. ती धान्याची, कडधान्याची, तेलबियांची. उसाला कोणी सुगी म्हणत नाही. त्याची 'तोडणी' असते आणि कारखान्याचा 'हंगाम'. कापसाची 'वेचणी' असते, आणि ती एकदम होत नाही. बोंडे फुटतील तशी दोन-तीन वेळा वेचावी लागतात, त्यामुळे तिथेही सुगी हा शब्द नीट बसत नाही. फळबागेत 'बहार' असतो: मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. द्राक्षाची 'सुगी' असे मथळ्यात वाचायला मिळते, पण बागायतदार स्वतः 'छाटणी' आणि 'हार्वेस्टिंग' असेच बोलतो. 'मोसम' अरबीतून आला. तो ऋतूकडे आणि हवेकडे झुकतो, कामाचा वास त्याला नाही. खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्दही मूळ अरबी, एक शरदाचा आणि दुसरा वसंताचा. म्हणजे मुळात दोन्ही नावे पीक हाती येण्याच्या ऋतूची. आपण मात्र ती पेरणीपासून लावतो: जूनमध्ये पेरले ते खरीप, सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर पेरले ते रब्बी. या दोन्हींच्या शेवटी आपापली सुगी येते.

आता क्रियापदे, कारण परभाषेतून मराठीत लिहिणारे इथेच हमखास चुकतात. सुगी स्त्रीलिंगी. सुगी लागते, सुरू होते, येते, चालू असते, उरकते, सरते, संपते; साधते किंवा हुकतेही. सुगी पिकत नाही, पिकते ते पीक. सुगी कापतही नाहीत. 'यंदा सुगी भरघोस पिकली' हे वाक्य कानाला लगेच खटकते. 'यंदा पीक भरघोस आले, पण सुगी पावसाने नासली' हे बरोबर, कारण उभे पीक चांगले असूनही काढणी-मळणीच्या दिवसांत त्याचे वाटोळे होऊ शकते, आणि नेमका हाच फरक या दोन शब्दांत आहे. सामान्यरूप 'सुगी-' असेच राहते: सुगीत, सुगीला, सुगीच्या, सुगीनंतर. अनेकवचन 'सुग्या' होते, 'दोन्ही सुग्या हातच्या गेल्या' असे म्हणता येते, पण ते क्वचित. बोलण्यात सगळ्यांत जास्त येणारे रूप म्हणजे 'ऐन सुगीत': ऐन सुगीत ट्रॅक्टर बंद पडला, ऐन सुगीत माणसे मिळेनात, ऐन सुगीत पाहुणे आले. यात कामाची घाई आणि हात अपुरे पडल्याची कुरकूर असते. त्याच्या उलट 'सुगी उरकल्यावर': सुगी उरकल्यावर पोरीचे बघू, सुगी उरकल्यावर पंढरपूरला जाऊ, सुगी उरकल्यावर देणे फेडतो. पेरणीच्या दिवसांना सुगी कधीच म्हणत नाहीत. तिकडे 'पेर', 'पेरा', 'मिरग' (मृग नक्षत्र), 'वापसा' (रानातली कामाजोगी ओल) हे शब्द आहेत.

'सुगीचा हंगाम' किंवा 'सुगी हंगाम' यात पुनरुक्ती आहे, असे काही जण दाखवून देतात. आहेच. पण कोल्हापूर, आजरा, चंदगड, बेळगाव या भागांत 'सुगी हंगाम' हा जोडशब्द बातम्यांत आणि बोलण्यात इतका रुळलेला आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. 'सुगीचा मोसम' मात्र टाळावे. तो कोणाच्याच तोंडात नाही.

महिना कोणता, याचे एक उत्तर नाही. गाव कोणते आणि पीक कोणते ते आधी विचारायला हवे. खरिपात सगळ्यांत आधी मूग-उडीद येतात, साठ ते पंचाहत्तर दिवसांचे. म्हणजे भाद्रपदाच्या आसपास शेंगा तोडायला होतात. पण तेवढ्यासाठी कोणी सुगी लागली म्हणत नाही, कारण काम थोडे असते आणि पाऊसही चालू असतो. बाजरी साधारण पंचाहत्तर-पंच्याऐंशी दिवसांची, सोयाबीन पंच्याण्णव ते एकशे दहा. ही दोन्ही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये एकदम अंगावर येतात, आणि दसऱ्याच्या आगेमागे खरिपाची सुगी खऱ्या अर्थाने लागते. भाताचे जातीवर आहे. हळवे शंभर-एकशे पंधरा दिवसांत, निमगरवे एकशे वीस-पस्तीस दिवसांत, गरवे त्याहून उशिरा. त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताचे काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत खाचराखाचरांतून सरकत राहते. तूर सगळ्यांच्या मागे, डिसेंबर-जानेवारीत. तोवर त्याच शिवारात रब्बी पोटरीला, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेताला, आलेली असते.

सोलापूर, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, बीड, धाराशिव या ज्वारीच्या पट्ट्यात नुसते 'सुगी' म्हटले की रब्बीची, म्हणजे फेब्रुवारी-मार्चची. मालदांडी ज्वारी सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्यापर्यंत पेरतात. तिला पावणेचार-चार महिने लागतात. हरभरा तिच्या थोडा आधी, करडई बरोबरीने, गहू मार्चमध्ये. शिमगा आणि पाडव्याच्या दरम्यान मळणीची खळी मोकळी होतात. गावजत्रा चैत्रात आणि लग्ने त्याच्या पुढे, ही घडी याच सुगीवर बसलेली आहे: हातात दाणे आणि माणसे रिकामी, दोन्ही एकाच वेळी. तेव्हा एखाद्या कथेत किंवा भाषांतरात 'सुगीचे दिवस होते' असे लिहिताना गाव कुठले ते ठरवा. पन्हाळ्याच्या सुगीत सकाळी धुके आणि दव असेल, मंगळवेढ्याच्या सुगीत दुपारी ऊन भाजत असेल.

शब्दाचा वावर सगळीकडे सारखा नाही. कृष्णा-पंचगंगेचा टापू, सोलापूर आणि मराठवाड्याचा दक्षिण भाग इथे तो रोजच्या बोलण्यातला. विदर्भ-खानदेशात कळतो सगळ्यांना, पण तोंडात 'सोंगणी' किंवा 'सवंगणी', आणि मळणीला 'गहाणी'. कोकणात 'कापणी' आणि 'झोडणी'. गोव्यात कोकणीतून 'लुवणी'. तिथे पावसाळी पीक ते 'सरद' आणि पाण्यावरचे ते 'वायंगण', म्हणून लुवणीही दोनदा. पात्राच्या तोंडी शब्द घालताना एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ झाले.

सुगीत नेमके काय काम असते, ते रब्बी ज्वारीवरून सांगतो, कारण शब्दाच्या सगळ्या छटा तिच्यातच मुरलेल्या आहेत.

ज्वारी पक्व झाली की दाणा टणक होतो आणि कणसातून सोडवल्यावर त्याच्या टोकाशी, जिथे तो बोंडाला चिकटलेला असतो तिथे, काळा ठिपका दिसतो. हा ठिपका आला म्हणजे दाण्याला ताटाकडून आता काही मिळत नाही. पुढे उभे ठेवले तर फक्त वाळणार आणि पाखरे खाणार. मालदांडी बहुतेक ठिकाणी मुळासकट उपटतात. ओढून काढतात, म्हणूनच 'काढणी'. विळ्याने बुडातून कापली तर वीतभर धाट रानात राहते, आणि कडब्याला जनावरामागे किंमत आहे. दुष्काळी वर्षात तर दाण्यापेक्षा कडब्याचाच हिशेब आधी होतो. उपटलेली ताटे एका बाजूला कणसे ठेवून ओळीने आडवी टाकतात. चार-आठ दिवस उन्हात वाळली की बायका बसून कणसे खुडतात आणि मागे ताटांच्या पेंढ्या बांधल्या जातात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, आणि विक्री शेकड्यावर. पेंढ्या उभ्या रचून बुचाड लावतात, नंतर घराजवळ आणून लांबट वळई रचतात. मराठवाड्यात तिलाच गंज किंवा बनीम म्हणताना ऐकू येईल. कोकणातल्या भाताच्या भाऱ्यांची रचण म्हणजे 'उडवी'. वळईची शेंडी निमुळती करून वर पाचट किंवा कागद टाकला नाही तर वळवाचे पाणी आत उतरते, आणि जेठात कडबा उपसताना मधला थर काळा, कुबट निघतो. जनावर तो तोंडात धरत नाही.

मग खळे. जागा उंच, कठीण आणि वाऱ्याची पाहिजे. झाडाच्या आडोशाला खळे केले तर उपणताना फजिती होते. गवत तासून जमीन खरवडायची, भरपूर पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी वर भुसा फेकून बैल फिरवायचे किंवा धुम्मसाने चोपायचे. भुसा यासाठी की चिखल खुरांना चिकटून वर उचलला जाऊ नये. वाळताना भेगा पडतात, त्या बुजवून शेणकाल्याचे दोन हात द्यायचे. सारवण पातळ झाले की मळणीत माती सुटते आणि राशीत खडे येतात; असल्या मिसळीलाच 'मातेरे' म्हणतात. खळ्याच्या मधोमध एक खांब, तो तिवडा. त्याच्याभोवती कणसे गुडघाभर पसरून चार-सहा बैल एका दावणीत जोडायचे, ही 'पात'. तिवड्याजवळ म्हातारा, सावकाश चालणारा बैल आणि बाहेरच्या टोकाला तरणा, कारण बाहेरच्याला प्रत्येक फेऱ्यात लांब चालावे लागते. बैलांच्या तोंडाला मुसकी. अधूनमधून कणसे खालवर करायची, नाहीतर वरची चुरडतात आणि तळची तशीच राहतात.

उपणणी दुपारनंतर, वारा एका दिशेने धरला की. तीन पायांच्या उंच तिवईवर उभे राहून पाटीतला माल बारीक धारेने सोडायचा. दाणा सरळ पायाशी पडतो, भुसकट उडून पुढे जाते, आणि न सुटलेली बोंडे या दोन्हींच्या मध्ये. ती तुरकाट्यांच्या खराट्याने हलक्या हाताने वरचेवर लोटत राहायची. पुन्हा मळणीत जातात. वारा पडला की काम थांबते. 'वाऱ्याची वाट बघणे' ही सुगीतली रोजची गोष्ट होती, आणि त्यापायी माणसे रात्री खळ्यावरच झोपत. राखणही व्हायची.

शेवटी रास. तिची पूजा करून मापायला बसायचे. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. पुढे दोन, तीन असे चालते. माप पायलीचे, चार शेरांची पायली. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा, आणि वीस मणांची खंडी. जुन्या कागदात 'सुगीला पाच खंडी दाणे झाले' असे वाचलेत तर लगेच किलोत बदलायला जाऊ नका. पायली हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन वेगळे भरते, आणि मणही गावोगाव वेगळा. वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६चा, पण खळ्यावर पायली त्यानंतरही बरीच वर्षे टिकली. आता क्विंटल आणि कट्टा.

या खळ्यावरच गावाचा हिशेब व्हायचा. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार यांनी वर्षभर केलेल्या कामाचे बलुते सुगीत धान्याच्या किंवा पेंढीच्या रूपाने मिळे. म्हणून ज्यांच्याकडे वीतभर जमीन नव्हती त्यांच्याही तोंडी 'आमची सुगी' असायची. ती गोड आठवणींत रंगवली जाते तेवढी सरळ नव्हती. कोणाला रास मोजताना मिळे आणि कोणाला खळे झाडल्यावरचे मातेरे, यात जात स्पष्ट दिसे. काढून झालेल्या रानात पडलेली कणसे, शेंगा वेचणे म्हणजे 'सरवा'. तोही गरिबाच्या सुगीचाच भाग, आणि भुईमुगाच्या रानात तर बराच मिळे: वापसा निघून जमीन कठीण झाल्यावर वेल उपटले की निम्म्या शेंगा मातीत राहतात.

माणसे जमवण्याचेही शब्द याच दिवसांतले. आज तुमच्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तुम्ही, ही 'सावड' किंवा 'पैरा'. एका दिवसापुरते सगळ्यांना बोलावून जेवण घालून काम उरकणे ही 'इर्जिक'. हल्ली बहुतेक काम एकरावर 'उक्ते' किंवा 'गुत्त्याने' जाते.

आता यंत्रांकडे. कंबाइन हार्वेस्टर गव्हाच्या रानात शिरला की तासाला दोन-तीन एकर काढून, मळून, टाकीत भरून देतो. खळे, पात, तिवडा, उपणणी हे सगळे त्या एका तासात विरघळले. मग सुगी उरली का? उरली, फक्त आखूड झाली, आणि तिचा ताण सरकला: पूर्वी माणसे आणि वारा, आता यंत्राचा नंबर, वाळवायला जागा आणि मंडईतली रांग. मालदांडीच्या पट्ट्यात मात्र कडबा आख्खा पाहिजे म्हणून काढणी अजून बरीचशी हातानेच होते, मळणी तेवढी यंत्रावर. सुगी हा शब्द जिवंत राहिलाय तो जास्त करून तिथेच, असे माझे मत आहे.

सुगी 'साधणे' आणि 'हुकणे' हे शब्दप्रयोग समजायचे तर काय बिघडते ते माहीत हवे. सोयाबीन पिकल्यावर पाच-सात दिवस जास्त उभे राहिले की दुपारच्या उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे रानात सांडतात. म्हणून पाने गळून बहुतेक शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या की सकाळच्या वेळी कापतात. मळताना दाण्यात साधारण चौदा टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला चारशे ते पाचशे, तेरा टक्क्यांवर आला तर तीनशे ते चारशे. घाईने फेरे वाढवले की डाळ पडते, साल फुटते आणि ते बियाणे पुढच्या जूनमध्ये उगवत नाही. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची नेहमीची अट बारा टक्क्यांची. ताज्या मळलेल्या मालात ती बहुधा बसत नाही, म्हणून दोन-तीन दिवस पातळ पसरून वाळवणे हाही आजच्या सुगीचाच भाग. करडई भल्या पहाटे काढतात, कारण दवाने काटे मऊ असतात. हरभराही सकाळीच उपटतात, उन्हात घाटे गळतात. भाताची लोंबी ऐंशी-नव्वद टक्के पिवळी झाली की कापायचे. पूर्ण सुकेपर्यंत थांबलात तर दाणा झडतो आणि भरडताना कणी जास्त निघते. साठवायच्या आधी दाताखाली दाणा धरून बघतात: कट्‌ आवाज करून तुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन पाहिजे. ओला दाणा कणगीत गेला की आधी गरम होतो, मग किडा आणि बुरशी.

आणि पाऊस. 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' ही म्हण सुगीचीच आहे. चित्रा नक्षत्राचा पाऊस साधारण १० ते २३ ऑक्टोबरचा, म्हणजे भात नेमके पिकून उभे किंवा कापून पसरलेले असते तेव्हाचा. भात आडवे होते, लोंबीतच मोड येतात, दाणा काळवंडतो आणि पेंढ्याला वास लागतो. लगेच पुढच्या नक्षत्राबद्दल मात्र 'पडतील स्वाती तर पिकतील मोती', कारण तो पाऊस रब्बीच्या कोवळ्या पिकाला लाभतो. एका सुगीचा वैरी दुसरीचा सोयरा. रब्बीच्या सुगीत फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि अवकाळी. काढून टाकलेल्या ज्वारीवर एक सर आली तरी पांढरा दाणा काळा पडतो आणि भाव थेट खाली येतो.

हुरडा ही सुगी का? नाही. हुरड्याची ज्वारी अजून दुधाळ-चिकाळ असते, आणि हुरडा सुगीच्या महिनाभर आधी येतो. हावळा, म्हणजे भाजलेला ओला हरभरा, आणि गव्हाच्या ओंब्या भाजणेही त्याच्या आगेमागेच. 'सुगीत हुरडा खायला या' असे आमंत्रण आले तर बोलावणारा शहरातला समजावा. नव्याची पौर्णिमा, म्हणजे कोजागिरी, हिचा संबंध मात्र खरा आहे. कोकणात त्या दिवशी भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने आणि कुरडूची फुले एकत्र बांधून दाराला 'नवे' बांधतात. कापणी तेव्हा तोंडावर आलेली किंवा नुकती लागलेली असते. वेळ अमावास्या, लातूर-धाराशिवची 'येळवस', ही उभ्या रब्बी पिकाची पूजा, सुगीच्या बरीच आधी. तिला 'सुगीचा सण' म्हणू नये.

आता लाक्षणिक वापर. 'सुगीचे दिवस' म्हणजे भरभराटीचे दिवस हा अर्थ पक्का आहे आणि कुठेही चालतो: निवडणुकीत मंडपवाल्यांची सुगी, शाळा उघडताना वह्या-पुस्तकांच्या दुकानांची सुगी, एखाद्या कलेला आलेले सुगीचे दिवस. यात एक अट पाळली तर वाक्य नेमके होते. सुगी येते आणि सरते. ती कायमची श्रीमंती नसते. मागे कष्ट किंवा रिकामे दिवस असावेत, मिळकत एकदम आणि थोड्या काळात व्हावी, आणि ती संपणार हे गृहीत असावे. दिवाळीच्या दहा दिवसांत फराळ विकणाऱ्या बचत गटाची सुगी असते. वीस वर्षे नफ्यात चाललेल्या कंपनीची सुगी नसते, तिचे 'बरे चालले आहे'. वाईट अर्थानेही चालते, 'दलालांची सुगी', 'साठेबाजांची सुगी', आणि तिथे शब्दाला चांगली धार येते. लॉटरी लागली त्याला मात्र सुगी म्हणू नका. ते घबाड.

शेतकऱ्याच्या तोंडी हा वाक्प्रचार कधी कधी उपरोधाने येतो, आणि लिहिणाऱ्याने तो ओळखायला हवा. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो तेव्हा भाव पडतात. दाणे सर्वांत जास्त आणि दर सर्वांत कमी, असा तो महिना असतो. 'आमची कसली सुगी, सुगी अडत्याची' या बोलण्यात अतिशयोक्ती फारशी नाही. थांबायची ऐपत असलेला माल ठेवतो. नसलेल्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, १९९०-९१पासूनची: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी उचलता येते आणि भाव सुधारल्यावर विकता येते. सगळ्या बाजार समित्या ती चालवत नाहीत. पोती गाडीत भरण्याआधी चौकशी करावी.

व्युत्पत्तीचे विचारलेत म्हणून. 'सु' म्हणजे चांगले, अशी फोड करून संस्कृतकडे जाण्याचा मोह होतो, पण पुढच्या 'गी'चे काही केल्या जुळत नाही. दक्षिणेकडे बघितले तर वाट सोपी आहे. कानडीत 'सुग्गी' म्हणजे नेमकी हीच पीक काढणी, संक्रांतीला तिकडे 'सुग्गी हब्ब' म्हणतात, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात हालक्की वक्कलिगांचे 'सुग्गी कुणित' हे नृत्य होळीच्या सुमारास होते. मराठीत शब्द सर्वांत दाट कुठे वापरला जातो हे वर सांगितलेच: कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात. तुळूत गंमत अशी की 'सुग्गी' हे भाताच्या दुसऱ्या पिकाचे नाव आहे (पहिले एणेल, तिसरे कोळके) आणि मार्च-एप्रिलमधल्या एका महिन्याचेही. म्हणजे तिथे शब्द पंचांगात जाऊन बसला. मराठीत तो रानात आणि खळ्यावरच राहिला.

'सुगडा'चा सुगीशी संबंध जोडला जातो, तो चुकीचा आहे. संक्रांतीचे सुगड हे 'सुघट', म्हणजे चांगला घडा. त्यात भरतात ते हरभऱ्याचे घाटे, ओंब्या, बोरे, ऊस, गाजर हे त्या दिवसांत रानात असते म्हणून, आणि त्यावरून ही जोड सुचते. 'सुगरण' तर 'सुगृहिणी'वरून. तिन्ही शब्द सारखे दिसतात, घराणी तीन वेगळी.